कातडीचा वाफसा

त्वचेच्या उपचारांची चर्चा निघाली की हल्ली घटकांचे दोन गट पाडले जातात. पहिल्या गटात कातडीत पाणी ओढणारे आणि ते टिकवणारे पदार्थ येतात: ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल, पेट्रोलियम जेली, निरनिराळी तेले. दुसऱ्या गटात कातडी नव्याने घडवण्याचा दावा करणारे पदार्थ येतात: रेटिनॉइड, वाढघटक, स्वतःच्याच रक्तातून वेगळे काढलेले प्लेटलेट्सचे द्रव, सॅमन माशापासून मिळवलेले डीएनएचे तुकडे आणि अलीकडे गाजणारे एक्झोसोम, म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. जाहिरातींच्या लेखी पहिला गट साधा, स्वस्त आणि वरवरचा, तर दुसरा खोलवर जाणारा, महाग आणि म्हणूनच खरा. पुण्या-मुंबईच्या क्लिनिकमध्ये ही तुलना बहुतेक वेळा चेहऱ्याच्या सुरकुत्यांभोवती फिरते आणि तिथे ती चुकली तरी फार तर पैसे वाया जातात. नंदुरबार जिल्ह्यात हाच प्रश्न विचारायचा तर आधी चेहऱ्यावरची नजर काढून टाचेकडे, तळहाताकडे आणि बोटांच्या पेरांकडे वळवावी लागते. तिथे कातडी फुटली की मजुरी बुडते, आणि बधिर पायाची कातडी फुटली तर कधी कधी पायही जातो. या पुस्तकामागचा विचार असा की हे दोन गट एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. कातडी नवी घडवण्याचे काम शरीर स्वतःच करते आणि ओल टिकल्याशिवाय ते होत नाही. त्यामुळे दुसऱ्या गटाची गरज कुठे खरी आहे, हे पहिल्या गटाचे काम नीट झाल्यावरच कळते.

धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोक राहतात आणि त्यांतले दहापैकी सात आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, मावची-गावित, कोकणी. त्यांच्या कातडीचे वर्ष कामाच्या हंगामांनी ठरते. नवापूर भागात पावसाळ्यात भाताच्या चिखलात पाय तासन् तास भिजतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पावसाळा सरला की नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते, शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर तिचे तांबडे गालिचे पसरतात आणि बायका दिवसभर तिचे देठ खुडत बसतात. त्याच सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला निघतात. थंडीची पहाट, धारदार पाचट आणि पाचटावरून चालणारे पाय, असा त्यांचा हिवाळा जातो. उन्हाळ्यात धडगाव-मोलगीकडे आमचूर होतो, म्हणजे कैऱ्या सोलून, कापून वाळवायच्या. कैरीचा चीक कातडी भाजतो आणि तिच्या आंबट रसात बोटे दिवसभर बुडालेली असतात. शहरात फळांमधल्या आम्लांनी चेहऱ्याचा वरचा थर उतरवून घ्यायला लोक पैसे मोजतात. धडगावच्या बाईच्या बोटांवर तोच प्रयोग मजुरीच्या सोबत फुकट होतो.

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशींच्या फटींत चरबीसदृश पदार्थ भरलेले असतात आणि पेशींच्या आत अमिनो आम्ले, लॅक्टिक आम्ल, युरिया यांसारखी पाणी धरणारी द्रव्ये असतात. या थरात साधारण दहा टक्क्यांहून कमी पाणी उरले की तो ठिसूळ होतो. ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात सहज वाचायला मिळते, पण ती ठरली एका अतिशय साध्या प्रयोगाने. १९५२ साली अमेरिकेतल्या आयर्विन ब्लँक यांनी कडक झालेल्या निबर कातडीचे तुकडे घेतले. कोरडा तुकडा वाकवला की मोडत होता. तो तेलात बुडवून ठेवला, तरी ठिसूळच राहिला. पाणी मिळताच मात्र तोच तुकडा लवचीक झाला. म्हणजे कातडी मऊ ठेवते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. कोरड्या खडखडीत टाचेवर रात्री तेल चोळून झोपणाऱ्याला सकाळी टाच तेलकट मिळते आणि भेग तशीच राहते, त्याचे कारण हेच. शिवाय तळपायाला आणि तळहाताला तेलग्रंथी नसतातच. चेहऱ्याला शरीराकडून जे तेल आपोआप मिळते ते टाचेला कधीच मिळत नाही. उलट अनवाणी चालण्याने तिचा मृत थर जाड होत जातो. जाड आणि कोरडा थर अंगाचा भार पडला की कडेला पसरू पाहतो, पसरता येत नाही म्हणून फाटतो, आणि फाट जिवंत कातडीपर्यंत पोचली की रक्त येते.

पाणी टिकवणाऱ्या घटकांत ग्लिसरीनचा क्रम माझ्या मते पहिला लागतो, आणि तो केवळ स्वस्ताईमुळे नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते हे जुने ज्ञान. पण कातडीच्या पेशींमध्ये ग्लिसरीन आत नेणारी ॲक्वापोरिन-३ नावाची वाट असते, आणि ती बंद असलेल्या उंदरांची कातडी कोरडी राहते, तिची दुरुस्ती मंदावते आणि ग्लिसरीन दिल्यावर हे दोष भरून निघतात, हे या शतकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांनी दाखवले. म्हणजे ‘फक्त ओलावा देणारा’ समजला जाणारा हा पदार्थ दुरुस्तीतही हात घालतो. युरियाचे काम मात्रेप्रमाणे बदलते. मलमात पाच-दहा टक्के असेल तर तो पाणी धरतो. वीस ते चाळीस टक्के असेल तर निबर थर विरघळवतो. (युरिया म्हटल्यावर आपल्याकडे खताची गोणीच डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगून ठेवतो: गोणीतला युरिया टाचेला लावायचा नाही.) हायल्युरॉनिक आम्लाचा गाजावाजा मोठा. ते स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरते, हे वाक्य प्रत्येक बाटलीच्या जाहिरातीत असते. पण त्याचा मोठा रेणू वरचा थर ओलांडत नाही, पृष्ठभागावर बसून तिथेच ओलावा देतो. ते वाईट नाही, पण त्यासाठी ग्लिसरीनच्या अनेकपट पैसे मोजायचे कारण किमान टाचेच्या बाबतीत तरी दिसत नाही. राहता राहिली पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या पदार्थाइतकी कातडीतून उडणारी वाफ अडवणारे दुसरे क्वचितच काही सापडेल. ती कातडीला झाकून गुदमरवते हा समजही टिकला नाही. ती वरच्या थराच्या फटींत शिरते आणि तिच्याखाली कातडीची स्वतःची दुरुस्ती चालूच राहते, असे १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसले.

इथे कोणी विचारेल, मग आपल्या मोहाच्या तेलाचे काय? सातपुड्यात मोहाच्या बियांचे तेल खाण्यात, दिव्यात आणि भेगांवर पिढ्यान् पिढ्या वापरले गेले आहे. ते थंडीत थिजते, म्हणजे त्यात घट्ट होणारी मेदाम्ले बरीच आहेत. असे तेल टाचेवर चांगला लेप धरते आणि वाफ अडवते. त्या कामासाठी ते वापरावे, त्यात कमीपणा काही नाही. पण सर्व तेले सारखी नसतात, हेही इथेच सांगायला हवे. मोहाच्या तेलात ओलिक आम्ल भरपूर असते आणि ओलिक आम्ल नाजूक कातडीचा बांध सैल करते. कातडीला बांध घालायला लागते ते लिनोलिक आम्ल, आणि ते सूर्यफुलाच्या तेलात अधिक असते. बांगलादेशातल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल चोळले, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग तेल न लावलेल्या बाळांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उलट मोहरीच्या तेलाने प्राण्यांच्या कातडीची दुरुस्ती लांबली. म्हणून निबर टाचेला मोहाचे तेल चालेल. नवजात बाळाला, पुरळ आलेल्या किंवा उघड्या जखमेच्या कातडीला ते लावण्याआधी थांबावे. गावरान आहे म्हणून चांगले आणि परदेशी आहे म्हणून शास्त्रीय, या दोन्ही सवयी एकाच आळसातून येतात.

आता दुसरा गट. त्यात पुराव्याने सर्वांत भक्कम उभा आहे तो ट्रेटिनॉइन, ‘अ’ जीवनसत्त्वाचा भाऊबंद. उन्हाने थकलेल्या कातडीवर त्याचा परिणाम अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये मांडला आणि नंतरच्या चाचण्यांनी तो पक्का केला: कोलॅजेन वाढते, बारीक सुरकुत्या आणि डाग कमी होतात. मात्र महिनोन् महिने वापरावे लागते, सुरुवातीला कातडी सोलते आणि कोरडी पडते, ऊन टाळावे लागते आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे. म्हणजे सर्वांत विश्वासार्ह ‘पुनर्घडण’ करणारा घटकसुद्धा आधी ओल काढून घेतो. वाढघटकांची अडचण निराळी आहे. धड कातडीतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू फारसे आत जात नाहीत, असा २००० सालापासून मान्य होत आलेला ठोकताळा आहे. ट्रेटिनॉइनचे वजन ३०० च्या आसपास, तर त्वचेच्या वाढघटकाचे सुमारे ६,०००. त्यामुळे धड चेहऱ्यावर चोपडलेले वाढघटकाचे क्रीम दारातच उभे राहते. जखमेत गोष्ट वेगळी, कारण तिथे दारच उघडे असते. एक्झोसोमबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, रुग्णांना गंभीर त्रास झाल्यानंतर, अशा एकाही उत्पादनाला मान्यता नसल्याचा जाहीर इशारा दिला होता. सॅमनच्या डीएनएचे आणि प्लेटलेट्सचे काही उपयोग जखमांमध्ये आशादायक आहेत. चेहरा उजळण्याच्या कामी मात्र जाहिरात पुराव्याच्या कितीतरी पुढे पळते आहे.

दोन्ही गट जिथे समोरासमोर येतात ती जागा म्हणजे जखम, आणि तिथला पुरावा फार बोलका आहे. जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी, अशी आपल्या घराघरांतली समजूत. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर सारख्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पातळ पॉलिथीनचा पापुद्रा घातला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण नव्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत पुढे जातात, आणि खपली असेल तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. वाफसा आल्याशिवाय बी रुजत नाही, तसेच हे: रान कोरडे ठणठणीत असेल तर उगवत नाही आणि चिखल असेल तर कुजते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेही पायांच्या जखमांवर बेकाप्लर्मिन या वाढघटकाचे जेल वापरले गेले. अमेरिकेत त्याला १९९७ मध्येच मान्यता मिळाली होती. वीस आठवड्यांत जेलच्या गटातले ५० टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. नुसत्या बिनऔषधी जेलच्या गटातले ३५ टक्के. पहिला आकडा जाहिरातीत जातो. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. मेलेला भाग कापून काढणे, जखम ओलसर ठेवणे, पायावरचा भार कमी करणे, एवढ्यावर तिघांतला एक बरा झाला. वाढघटकाने जे मिळवले ते या पायावर उभे राहून मिळवले. पाया नसता तर ते जेल वाया गेले असते.

महाराष्ट्रातला दाखला याहून जवळचा आहे. मुंबईत मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिल्या. पुढे शल्यचिकित्सक माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. जखम भरण्यात दोन्ही पट्ट्या सारख्या उतरल्या. केळीचे पान कितीतरी स्वस्त पडले. ते जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना नवी कातडी उचकटत नाही आणि रुग्ण ओरडत नाही. पानात कातडी घडवणारे द्रव्य कोणतेच नव्हते; त्याने फक्त ओल राखली आणि दुखवले नाही. शहादा-तळोद्याला केळीचे मळे आहेत म्हणून हे पान थेट शेतातून आणून जखमेवर घालायचे, असा याचा अर्थ मुळीच नाही. रुग्णालयात ते निर्जंतुक करून वापरतात. त्याच मळ्यांशेजारी पपई पिकते. तिच्या चिकातले पपेन मेलेला भाग पचवते, म्हणून त्याची मलमेही निघाली. पण गंभीर ॲलर्जीच्या तक्रारींनंतर अमेरिकेने २००८ मध्ये मान्यता नसलेली अशी उत्पादने थांबवली. शेतातून आलेल्या दोन पदार्थांपैकी जो काहीच करत नाही तो अधिक उपयोगी ठरला, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिला आक्षेप असा: ओलावा तात्पुरता असतो, धुतले की गेला, मग त्याला उपचार कसे म्हणायचे? उत्तर कातडीच्या रोजच्या गळतीत आहे. वरच्या मृत पेशी एकमेकींपासून सुटाव्यात म्हणून त्यांच्यातले दुवे तोडणारी विकरे काम करतात, आणि त्यांना पाणी लागते. कोरड्या कातडीत ती मंदावतात, पेशी गळत नाहीत, थर साचतो, कोंडा धरतो, निबर होतो. कातडी साधारण चार ते सहा आठवड्यांत खालून वर नवी होत असते. ओल टिकवणे म्हणजे या चालू कामातला अडथळा काढणे. रोज करावे लागते, हे खरे. याचा जुना पुरावा कुष्ठरोगाच्या कामात आहे. बधिर हातापायांना घाम येत नाही, कातडी सुकते, फाटते आणि न दुखणाऱ्या भेगेतून जखम वाढत जाते. कुष्ठजंतू बोटे खात नाहीत, बधिरपणात झालेल्या दुखापती खातात, हे पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिले. तेव्हापासून रुग्णांना शिकवला जाणारा क्रम ठरलेला आहे: पाय वीसेक मिनिटे साध्या पाण्यात बुडवायचे, निबर भाग दगडाने हलकेच घासायचा, पाणी पूर्ण टिपायच्या आत तेल किंवा व्हॅसलीन लावायचे, आणि मऊ तळव्याची पादत्राणे घालायची. ब्लँक यांचा प्रयोग जणू परातीत उतरलेला. अक्राणीच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते तिथे वीस मिनिटांचा सल्ला उर्मट वाटू शकतो, हे मान्य. मग रात्री पाय धुतले जातात तेव्हाच, ओले असताना, लेप लावावा. फायदा कमी होईल, पण होईल. चिखल्यांच्या बाबतीत मात्र सगळे उलटे: तिथे पाणी जास्त झालेले असते, बेचके कोरडे करायचे असते आणि बुरशी असेल तर तिचे औषध लावायचे असते. ओल टिकवणे म्हणजे भिजवत ठेवणे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. शहरातल्यांना नवे उपचार आणि आदिवासींना ग्लिसरीन-व्हॅसलीन, हा कुठला न्याय? आक्षेपातली चीड रास्त आहे. मधुमेही पायाची जुनी जखम, खोल भाजणे, कुष्ठरोगातली तळपायाची जखम, या ठिकाणी प्लेटलेट्सचे उपचार, वाढघटक किंवा कातडीरोपण यांचा विचार झालाच पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून लोकांनी तशी अपेक्षा ठेवली तर त्यात वावगे काही नाही. माझा विरोध आहे तो गरज नसताना विकल्या जाणाऱ्या पुनर्घडणीला. आणि खरे सांगायचे तर नव्या घटकांपासून हा जिल्हा वंचित आहे, हे म्हणणेही पूर्ण बरोबर नाही. त्यांतला एक केव्हाच गावोगावच्या मेडिकलवर पोचला आहे, फक्त वेगळ्या नावाने. गोरेपणासाठी मिळणाऱ्या तिहेरी क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन या स्टेरॉइडच्या जोडीला ट्रेटिनॉइन असते. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात पेटते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि केस येतात, आणि क्रीम सोडले की चेहरा भडकतो म्हणून सोडवत नाही. अशीच तिहेरी मलमे गजकर्णावर लावली जातात आणि गजकर्ण दबून पसरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, तरी काउंटरवरून चिठ्ठी न मागता ट्यूब हातात पडते, हे कोणापासून लपलेले नाही.

मिरचीच्या पथारीवरचा प्रश्न या दोन्ही गटांच्या बाहेरचा आहे, आणि म्हणूनच तो सांगायला हवा. मिरचीतले कॅप्सेसिन कातडीतल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंचे दार उघडते, म्हणून काहीही भाजलेले नसताना हात जळतो. हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ओळखले आणि त्याबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. जळजळ सुरू झाल्यावर गार पाणी तेवढ्यापुरते बरे वाटते. आधी तेल चोळून पुसून घ्यावे, मग साबणाने धुवावे, हा क्रम उपयोगी. त्या वेळी हात डोळ्याला लागू देऊ नये. फुटलेल्या कातडीतून तिखट अधिक आत जाते, म्हणून हंगामाआधी हातांच्या भेगा भरणे हाही उपचारच. पण दिवसभर देठ खुडणाऱ्या हाताला हातमोजे हवेत, आणि त्यांचा खर्च मजूर बाईने नव्हे, पथारीच्या मालकाने करायचा असतो. कोणत्याही डबीतला कोणताही घटक ही जबाबदारी उचलत नाही.

हे सगळे मनात धरून पुस्तकाची मांडणी घटकांच्या नावांनी न करता शरीराच्या जागांनी केली आहे. पहिले प्रकरण टाचेचे, दुसरे हातांचे, तिसरे जखमांचे. वाढघटक, प्लेटलेट्स आणि रोपण तिसऱ्यात येतात, कारण त्यांची खरी जागा तिथेच आहे. चेहरा शेवटच्या प्रकरणात आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मेडिकलवरच्या त्या ट्यूबबद्दल आहे.